प्रोग मेटलचा अल्बम करताय? 'मिक्समध्ये बघू' म्हणण्याआधी या चुका टाळा

पुण्या-मुंबईतल्या प्रोग मेटल (बदलत्या तालांचं, गुंतागुंतीच्या रचनांचं हेवी मेटल) वाजवणाऱ्या नव्या बँडांचं रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट मनाला फार लागते. वादन दणकट असतं, रचनेवर कष्ट घेतलेले दिसतात, आणि ऐकू येतो तो नुसता गोंगाट. मग खापर मिक्स करणाऱ्यावर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणाऱ्यावर फुटतं. पण बिघाड बहुतेक वेळा फाइल्स त्याच्या हाती पडण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. कुणीतरी 'चल, मिक्समध्ये बघू' म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, तिथेच.

क्लिक नुसता लावून देणं

क्लिक म्हणजे वाजवताना हेडफोनमध्ये ऐकू येणारा ठेका. आठ मिनिटांच्या गाण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच बीपीएम (मिनिटाला ठोके) दिला की जॅम रूममध्ये जिवंत वाटणारं गाणं स्टुडिओत मरगळतं. आधी क्लिकशिवाय एकत्र वाजवून साधं रेकॉर्डिंग करा आणि बँड कुठे धावतो, कुठे रेंगाळतो ते मोजा. कोरसला दोन-तीन बीपीएम वाढत असतील आणि ते कानाला बरं वाटत असेल, तर टेम्पो मॅपमध्ये (कुठे किती वेग, याच्या आराखड्यात) तसंच मांडा.

दुसरी गोष्ट वजनाची. 7/8 मध्ये सातही ठोके सारखे वाजणारा क्लिक ड्रमरला काहीच सांगत नाही. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) रूपक तालासारखी 3+2+2 आहे की 2+2+3, हे ठरवून क्लिकमध्ये तिथेच जोर द्या. आणि गिटार विषम मात्रांत फिरत असताना झांजा सरळ चारात चालत असतील, म्हणजे मेशुगा या स्वीडिश बँडच्या वळणाची रचना असेल, तर क्लिकही चारातच ठेवा. रिफच्या मागे क्लिक धाववलात तर पुन्हा समेवर येण्याची सगळी गंमत जाते.

गिटार सुरात आहे, असं धरून चालणं

माझ्या मते सर्वाधिक अल्बम इथे बिघडतात. लक्षण असं: एकेक ट्रॅक ऐकला तर ठीक, सगळे एकत्र लावले की कॉर्ड आंबट. खाली उतरवलेली जाड तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी तिचा सूर वर चढतो आणि मग खाली येतो. म्हणून ट्यूनरवर तार हलकेच छेडून सूर लावू नका. टेकमध्ये (प्रत्यक्ष रेकॉर्ड होणाऱ्या वादनात) जेवढ्या जोराने वाजवणार तेवढ्याच जोराने छेडून लावा. 25.5 इंची स्केलच्या गिटारवर सातवी तार बीच्याही खाली नेणार असाल तर जाड तार घाला, आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागावा म्हणून केलेली जुळणी) त्याच ट्यूनिंगमध्ये करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने मान हलते. त्यात गिटार थेट एसी स्टुडिओत आणून लगेच टेक सुरू केला तर तासाभरात सूर सरकलेला असतो. ती खोलीत स्थिरावू द्या, प्रत्येक टेकआधी सूर तपासा.

डाव्या-उजव्या बाजूसाठी एकच टेक कॉपी करू नका. कॉपीने रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. तीच कॉपी थोडी मागे सरकवली तर मोनोमध्ये गिटार पोकळ होते. दोन वेगळे टेक वाजवा, आणि गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) स्टेजवरच्यापेक्षा कमी ठेवा. डीआय (अँपआधीचा गिटारचा कोरा सिग्नल) प्रत्येक वेळी जपून ठेवा, म्हणजे टोन चुकला तरी वादन वाया जात नाही.

बेसला शेवटची जागा देणं

मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' (1988) रचनेच्या दृष्टीने प्रोगच्या फार जवळचा, पण त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस जवळपास ऐकूच येत नाही. मिक्सचा निर्णय तर होताच, पण बेस बऱ्याच अंशी रिदम गिटारच्या पावलावर पाऊल टाकतो हेही कारण त्यामागे सांगितलं जातं. तुमच्या बेसिस्टला रिफपेक्षा थोडं वेगळं काही वाजवू द्या. गिटारचा साधारण 80 ते 100 हर्ट्झखालचा भाग कापा, तो बेस आणि किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) आहे. बेसचा खालचा पट्टा स्वच्छ ठेवून वरच्याला डिस्टॉर्शन दिलं की तो गिटारच्या भिंतीतूनही कळतो.

ड्रम्स

200 बीपीएमला डबल बेसचे (दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकचे) सोळावे भाग (मात्रेला चार) वाजत असतील तर दोन ठोक्यांत फक्त 75 मिलिसेकंद असतात. तेवढ्यात किकची शेपूट संपलीच पाहिजे, नाहीतर घुमघुमाट. सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेला ठोका) वापरण्यात कमीपणा नाही: ड्रीम थिएटरच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये (1992) ट्रिगर (ठोक्यासरशी सॅम्पल वाजवणारी यंत्रणा) आहेत, आणि मेशुगाच्या 'कॅच थर्टीथ्री'चे (2005) ड्रम्स प्रोग्रॅम केलेलेच आहेत. चूक होते ती सॅम्पल मूळ ठोक्याशी फेजमध्ये (दोन्हींच्या लहरी एकत्र चढतील-उतरतील असं) न जुळवल्याने. पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटवून पाहा. ज्या बाजूला तळ भरतो ती ठेवा. स्नेअरच्या खालच्या माइकलाही हीच तपासणी लागते.

गाणाऱ्याचं तर हाल विचारू नका. सगळी वाद्यं ठासून भरल्यावर त्याला बोलावतात. डेमोतच कच्चा आवाज घ्या, म्हणजे कुठली लीड लाइन ओळीवर आदळते ते वेळीच कळेल.

मास्टरिंगआधीच आवाज दाबणं

मेटॅलिकाच्याच 'डेथ मॅग्नेटिक'वर (2008) फाटक्या आवाजाबद्दल टीका झाली, तेव्हा मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सनने मिक्स आपल्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं असं सांगितलं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला आवाज -14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक) आसपास आणतं, म्हणजे जास्त जोरात केलेला मास्टर तिथे खालीच येतो. प्रोगमध्ये शांत भागानंतर रिफ कोसळली पाहिजे. लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने) दोन्ही सारखे केले तर सात मिनिटं वाट कशाची पाहायची? मिक्स मास्टरिंगला पाठवताना मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर काढा, 24 बिट वेव्ह फाइल द्या, आणि त्याआधी मिक्स करणाऱ्याला फाइल्स देताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्स्पोर्ट करा. टेम्पो मॅपची मिडी फाइल सोबत जोडायला विसरू नका.