पणजीत धुकं पडेल त्या पहाटेची तयारी

धुक्यातले दिवे कॅमेऱ्यात पकडायचे तर आधी घड्याळ ठरवा. पणजीत धुकं रात्री दहाला जेवणं झाल्यावर बाहेर पडलं की भेटतं, असं नाही. ते बहुतेक वेळा चारच्या सुमाराला मांडवीवरून आत सरकतं आणि उजाडल्यावर काही वेळ रेंगाळून विरतं. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, सव्वासहाच्या आसपास आकाशाला निळं पाणी चढतं. म्हणजे धुक्यातल्या रात्रीचे फोटो म्हणून जे काही हाती लागणार ते चार ते पावणेसात या वेळात. त्यातली शेवटची अर्धी घटका सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा दिवे अजून चालू असतात आणि आकाश मात्र डांबरासारखं काळं राहिलेलं नसतं. म्हणून आदल्या दिवशी नऊला झोपा. रात्रभर गप्पा मारत जागून पहाटे निघू म्हणणारे मी पाहिलेत, ते चारला गाढ झोपलेले असतात.

धुकं पडणार का, याचा अंदाज आदल्या संध्याकाळी घ्यायचा. आकाश निरभ्र हवं. ढग असले की जमिनीची उष्णता अडून राहते आणि हवा पुरेशी निवत नाही. वारा जवळजवळ नसावा. मतलई वाऱ्याची हलकी झुळूक चालते, ती आतल्या भागातली गार हवा नदीच्या खोऱ्यातून खाली आणते. पण झाडाची पानं सळसळत असतील तर धुक्याची आशा सोडा. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाशेजारी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, दिलेला असतो, लोक तिकडे बघतच नाहीत. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू यांत दोन अंशांहून कमी फरक दिसला तर गजर लावायचा. आणि अ‍ॅपपेक्षा माझा जास्त विश्वास अंगणातल्या स्कूटरवर आहे. झोपण्याआधी सीटवरून तळवा फिरवला आणि तो ओला झाला, तर पहाट वाया जाण्याची भीती कमी. तरी अशा कितीतरी पहाटा रिकाम्या जातात हे धरूनच चला. साखळी, डिचोली, फोंड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना धुकं दारात मिळतं. पणजीकरांना ते मागून घ्यावं लागतं.

आता पाणी. रुआ दे ओरेमच्या खाडीकाठच्या दिव्यांचं प्रतिबिंब हवं असेल तर भरतीची वेळ बघून जा, नाहीतर ओहोटीला तिथे चिखल आणि प्लास्टिक दिसतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास खाडी भरलेली. हा झाला अंदाज. गोव्यात थोडं मागेपुढे होतं, नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचा तक्ता पाहावा. अष्टमीची भरती अमावास्या-पौर्णिमेसारखी तुडुंब नसते, पण आरसा व्हायला तेवढं पाणी पुरतं. कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्याचा हाही उपयोग.

जागा एकच निवडा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण धुक्यात माणसाला वाटतं की पुढच्या चौकात आणखी छान असेल, आणि गाडी इकडून तिकडे नेण्यात सहा वाजतात. दाट धुकं हवं असेल तर रायबंदरकडे जाणारा जुना बांध. पोर्तुगीजांनी 1634 च्या सुमारास बांधलेला हा पोंते दे लिन्यारिस तीनेक किलोमीटरचा आहे, बाजूला मिठागरं, खाजणं, खारफुटी. सखल आणि उघडी जागा असल्यामुळे गार हवा तिथे साचते, आणि दिव्यांची रांग चौथ्या-पाचव्या खांबापाशी गिळली जाते. पण रस्ता अरुंद, गाड्या भरधाव, आणि धुक्यात चालकाला तुम्ही दिसत नाही. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, ट्रायपॉड रस्त्याच्या कडेच्याही पलीकडे लावा, आणि एकटे जाऊ नका. पुलांवर थांबून फोटो काढायचा विचारही नको. 2019 साली सुरू झालेल्या, मांडवीवरच्या अटल सेतूवर तर दुचाकीला परवानगीच नाही. तो खालून, नदीकाठावरून घ्या. त्याच्या तारा वर कुठेतरी नाहीशा होतात, तेच चित्र चांगलं दिसतं.

मला स्वतःला फोंताइन्हास आणि मळा या पणजीतल्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्या आवडतात. तिथे धुकं विरळ असतं, पण भिंती जवळजवळ आणि दिवा पिवळसर असल्यामुळे विरळही पुरतं. फक्त एक पथ्य पाळा. तिथे लोक राहतात. पर्यटकांच्या फोटोंना कंटाळून कित्येक घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात, त्या पहाटे पाचलाही लागू असतात. कुणाच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या त्या बसायच्या ओट्यावर, बॅग टेकवायची नाही, खिडकीकडे लेन्स रोखायची नाही, आणि बोलायचं ते कुजबुजत. डिसेंबरअखेर गेलात तर दारांवर नाताळचे कागदी तारे टांगलेले असतात. लाल ताऱ्याभोवती धुक्यात जे मऊ वर्तुळ पडतं, ते रस्त्यावर उभं राहूनही छान येतं.

कांपालच्या बाजूने कॅसिनोच्या बोटी टिपायला बरेच जण जातात. त्यांचे गुलाबी-हिरवे दिवे धुक्यात सांडतात ते बघायला गंमत वाटते, घरी येऊन पाहिलं की सरबत सांडल्यासारखं दिसतं. ही माझी आवड, तुमची वेगळी असू शकेल. नदीपलीकडे वेरेंला नौदलाचा तळ आहे, लांब पल्ल्याची लेन्स तिकडे वळवू नका. ड्रोन घरीच ठेवा. तो नजरेच्या टप्प्यात ठेवूनच उडवावा लागतो, आणि धुक्यात नजरेचा टप्पा म्हणजे समोरचा माड.

सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कॅमेरा नाही, फडकी आहेत. मऊ मायक्रोफायबरची चार फडकी घ्या आणि प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, म्हणजे एक भिजलं की दुसरं कोरडं निघतं. चष्मेवाल्यांनी पाच घ्यावीत. लेन्सचं हूड लावाच. त्याने आडवा प्रकाश अडतो आणि दवही जरा उशिरा धरतं. बॅटरीबद्दल थंड देशांतल्या लोकांचं वाचून घाबरू नका. आपल्याकडे पहाटेचा पारा फार तर अठरा-वीसवर येतो, त्यात बॅटरी मरत नाही. पडदा सतत चालू ठेवल्याने मरते. दोन पुरतात.

दवाचं मात्र नीट समजून घ्या, मी ते महागात शिकलो. एका जानेवारीत फोंड्याहून पणजीला निघालो, वाटेत गाडीची काच आतून धूसर व्हायला लागली म्हणून एसी लावला. कॅमेऱ्याची बॅग पुढच्या सीटखाली, नेमकी झोताच्या तोंडाशी. मिरामारला उतरलो तेव्हा धुकं असं होतं की समुद्र फक्त ऐकू येत होता. बॅग उघडली, कॅमेरा बाहेर काढला आणि डोळ्यांदेखत पुढची काच दुधाळ झाली. पुसली, पुन्हा दुधाळ. पुसल्यावर मध्ये एक तेलकट कमान राहायची आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पांढरं परत चढत यायचं. मग मागची काचही गेली. चाळीस मिनिटं मी कॅमेरा शर्टाच्या आत पोटाशी धरून कठड्यावर बसलो होतो. तो शुद्धीवर आला तोवर समुद्र दिसायला लागला होता.

कारण साधं आहे. काच दवबिंदूपेक्षा गार झाली की हवेतली वाफ तिच्यावर बसते. म्हणून कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उबदार ठेवायचा. रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका, साध्या खोलीत ठेवा. गाडीत मागच्या सीटवर, बॅग बंद करून. पण एवढ्याने भागत नाही. ट्रायपॉडवर अर्धा तास मोकळ्या आकाशाखाली उभी राहिलेली लेन्स स्वतःची उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होते, अगदी त्या स्कूटरच्या सीटसारखी. त्यावर उपाय म्हणजे पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी, आकाशातले तारे टिपणारे लोक वापरतात ती. ती नसेल तर हात शेकायच्या गरम पुड्या मिळतात, त्यातली एक जुन्या पायमोज्यात घालून रबराने लेन्सच्या बाहेरून बांधा. दिसायला वेडंबागडं दिसतं. दोन फोटोंच्या मध्ये लेन्सवर टोपी घालून ठेवा, आणि काचेवर तोंडाने हवा मारून पुसायची सवय त्या पहाटेपुरती विसरा.

कॅमेऱ्याचं सेटिंग घरच्या उजेडात करून ठेवा, अंधारात बटणं चाचपडत बसू नका. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने हात न फिरवलेली कच्ची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची पिवळी-निळी छटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवर नको, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोत पिवळं धुकं वेगळ्या रंगाचं करतो. 3500 केल्विनच्या आसपास एकदा ठरवा आणि हलवू नका. ट्रायपॉडवर लेन्समधलं किंवा बॉडीतलं थरथर रोखणारं बटण बंद. फ्लॅश बंद, कारण त्याने समोरचे थेंबच उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. ऑटोफोकस धुक्यात पुढे-मागे घुटमळत राहतं. पडद्यावर दिव्याच्या खांबाची कड मोठी करून बघा, हाताने फोकस लावा आणि मग ऑटो बंद करून टाका. दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्का बसत नाही.

एक्स्पोजरला, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा त्याला, सुरुवात म्हणून लेन्सचं छिद्र एफ/8, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ 200 आणि शटर आठ-दहा सेकंद उघडं. मग दिव्याकडे बघा. धुक्यात दिवा फुगतो, आणि मधला भाग एकदा जळाला की तो परत मिळत नाही, म्हणून दिवा वाचवा आणि सावल्या काळ्या राहू द्या. नदीवर धुक्याचे लोट सरकत असतील तर दहा सेकंदांत ते सपाट होतात. दोन सेकंदांवर आलात तर त्यांचे पुंजके दिसतात. हवा तर आयएसओ वाढवा.

एक फोटो जमवण्यासाठी माणूस सोबत न्या. भाची येते माझ्याबरोबर, चहाच्या बोलीवर. तिला दिव्याच्या खांबापासून थोडी अलीकडे उभी करायची आणि आपण असं सरकत जायचं की दिवा बरोबर तिच्या डोक्याआड जाईल. मग तिच्या कडेने प्रकाशाचे पट्टे सुटतात आणि तिची सावली जमिनीवर न पडता हवेत, आपल्या दिशेने, चालत येते. तळहाताएवढं सरकलं की सगळं नाहीसं. तिला तीन-चार सेकंद श्वास रोखून उभं राहावं लागतं, आणि कानाशी डास गुणगुणत असतात.

म्हणजे डासांचं मलम हवंच, खाडीकाठी तर दुप्पट. ते बोटांना लागलं तर काचेला हात लावू नका. बूट रबरी तळाचे, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि वर दव. चर्चच्या पांढऱ्या पायऱ्याही पहाटे निसरड्या असतात. मळ्यातल्या कुत्र्यांसाठी ग्लुकोजची बिस्किटं. लाल प्रकाशाची छोटी बॅटरी. स्वेटर असेल तर घाला, नसेल तर दोन शर्ट. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी तो कठड्यावर टेकवून नाइट मोड लावावा, दिव्यावर बोट दाबून उजेड थोडा खाली ओढावा आणि लेन्स दर फोटोआधी पुसावी. त्यांचेही चांगले येतात, काही वेळा आमच्यापेक्षा.

पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की आवराआवर. उंडे, म्हणजे त्याचे गोल पाव, गरम मिळतात, आणि पातळ भाजीचं हॉटेल उघडेपर्यंत धुकंही पातळ झालेलं असतं. खाताना कॅमेरा बाहेर काढून दाखवत बसू नका. घरी गेल्यावर बॅग अर्धा-पाऊण तास बंदच राहू दे, खोलीची हवा दमट आणि उबदार असते. मग ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि वाऱ्याला ठेवा. लेन्स ओली असताना कपाटात गेली तर पावसाळ्याआधीच आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. त्यातले दाणे निळे असतील तर ओल शोषून गुलाबी होतात. ते पुन्हा कोरडे करायला मंद आंचेवर परततात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा त्यासाठी वेगळं जुनं पातेलं ठेवा. मी एकदा भाकरीचा तवा घेतला होता, तो अजून मला ऐकवला जातो.