कोन बीम प्रक्षेपांपासून त्रिमितीय प्रतिमेची पुनर्रचना

कोन बीम, म्हणजे शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणाऱ्या स्कॅनरमध्ये क्ष-किरणांचा स्रोत आणि सपाट डिटेक्टर रुग्णाभोवती फिरत शेकडो द्विमितीय प्रक्षेप (छायाप्रतिमा) नोंदवतात. त्यांपासून त्रिमितीय प्रतिमा उभी करण्यासाठी फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडलेली एफडीके पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. मात्र प्रतिमा बिघडते ती बहुधा या पद्धतीमुळे नव्हे, तर आधीच्या तयारीतील ढिलाईमुळे.

प्रथम किरण बंद असतानाची नोंद प्रत्येक प्रक्षेपातून वजा करावी, तशीच वजाबाकी केलेल्या, समोर काहीही नसतानाच्या नोंदीने त्याला भागावे आणि भागाकाराचा ऋण नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा. शून्य वा ऋण पिक्सेल त्याआधीच दुरुस्त करावेत.

सर्वाधिक वेळ भूमितीला द्यावा. स्रोतापासून फिरण्याच्या अक्षाचे व डिटेक्टरचे अंतर आणि अक्षाची छाया डिटेक्टरवर नेमकी कोठे पडते, ही मूल्ये निर्मात्याच्या कागदावरून न घेता धातूच्या बारीक गोळ्या बसवलेल्या फँटमवरून (चाचणीसाठीच्या नमुना-वस्तूवरून) मोजावीत. अक्षाची जागा चुकली, तर पूर्ण फेरीत कडा दुहेरी दिसतात. शंका असल्यास मधला एकच छेद वेगवेगळ्या मूल्यांनी रचून पाहावा आणि ज्यात कडा सर्वांत रेखीव येतात ते मूल्य घ्यावे.

यानंतर प्रत्येक पिक्सेलला, त्याच्याकडे येणाऱ्या किरणाच्या मध्यकिरणाशी (स्रोतातून अक्षाला छेदून डिटेक्टरवर लंब पडणाऱ्या किरणाशी) होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने गुणावे. फेरी पूर्ण वर्तुळापेक्षा कमी असेल, तर दोनदा मोजल्या गेलेल्या किरणांचा वाटा समतोल करणारा पार्कर भारही लावावा. मग ओळीनुसार रॅम्प फिल्टर, म्हणजे वारंवारतेच्या प्रमाणात वाढत जाणारा फिल्टर, चालवावा. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये दिलेले त्याचे रूप अवकाशात नमुने घेऊन, ओळ शून्ये जोडून किमान दुप्पट लांब करून वापरावे, कारण वारंवारतेत थेट नमुने घेतल्यास घनतेची मूल्ये सरकतात. रुग्णाचे शरीर डिटेक्टरच्या कडेबाहेर जात असेल, तर फिल्टरपूर्वी ओळीची टोके हळूहळू शून्याकडे उतरवावीत; अन्यथा प्रतिमेभोवती चकाकणारे कडे उमटते.

शेवटी प्रत्येक व्हॉक्सेलमधून (त्रिमितीय प्रतिमेच्या घटक-घनातून) जाणारा किरण डिटेक्टरला जेथे भिडतो, तेथील मूल्य शेजारच्या चार पिक्सेलवरून काढून, मध्यकिरणाच्या दिशेने मोजलेल्या स्रोत-अंतराच्या व्यस्त वर्गाने भार देऊन, सर्व कोनांसाठी मिळवावे.

स्रोताच्या कक्षेतून जाणाऱ्या प्रतलापासून दूर, कक्षेला समांतर कडा धूसर दिसतात. वस्तूला छेदणाऱ्या प्रत्येक प्रतलाने स्रोताच्या मार्गालाही छेदले पाहिजे, ही ट्यू यांची १९८३ ची अट वर्तुळाकार कक्षा पूर्ण करत नसल्याने या कडांची पूर्ण माहिती मुळात नोंदलीच जात नाही, म्हणून तेथे फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही.