पाया खणण्यापूर्वी काळ्या मातीची फूग मोजा

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकवते. तरीही पायाचा निर्णय पुष्कळदा अंदाजानेच घेतला जातो. त्याआधी एक स्वस्त चाचणी करावी. पायाच्या नियोजित खोलीवरची माती पूर्ण वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळावी आणि १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम टाकून एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओतावे; रॉकेलात माती फुगत नाही, म्हणून तुलना करता येते. मग ढवळून बुडबुडे काढावेत. किमान २४ तासांनी पाण्यातला थर रॉकेलातल्या थराच्या दीडपटीहून उंच भरला, म्हणजेच फूग ५० टक्क्यांवर गेली, तर साध्या उथळ पायाऐवजी अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले, तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खांब) घ्यावेत का, हे अभियंत्याला विचारावे. पृष्ठभागावरची माती मात्र घेऊ नये, तिचा निकाल फसवा असतो.