सिक्वेन्स हातात आला, आता हे प्रोटीन आयन चॅनल आहे का ते कसं बघायचं?

समजा हातात फक्त सिक्वेन्स आहे, एकामागे एक नुसती अक्षरं (प्रत्येक अक्षर म्हणजे प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो ॲसिड), आणि कुणीतरी विचारलंय की हे मेंब्रेनमधलं, म्हणजे पेशीच्या आवरणातलं, प्रोटीन आहे का, आणि असेल तर चॅनल, म्हणजे आयनांना आरपार सोडणारी वाट, आहे का. बहुतेक जण ती अक्षरं उचलून एखाद्या वेबसाइटवर टाकतात, प्लॉट येतो, "दोन टीएम हेलिक्स" (मेंब्रेनमधून आरपार जाणारे दोन पिळदार तुकडे) असं लिहून येतं आणि विषय संपला. वेबसाइट वापराच, पण त्याआधी एकदा तरी हाताने करून बघा, नाहीतर तो प्लॉट काय दाखवतोय आणि काय लपवतोय ते कधीच कळत नाही.

मी उदाहरणाला केसीएसए घेतो. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स नावाच्या बॅक्टेरियाचं पोटॅशियम चॅनल, एका साखळीत १६० अमिनो ॲसिड, अशा चार साखळ्या मिळून एक चॅनल. रॉडरिक मॅकिनन यांच्या लॅबने १९९८ मध्ये ह्याचं स्ट्रक्चर काढलं आणि २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं (अर्धं पीटर ॲग्रे यांना, त्यांचं काम पाण्याच्या चॅनलवरचं). छोटं प्रोटीन आहे, शिकायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

पहिलं काम, पाणी टाळणारे तुकडे शोधायचे. मेंब्रेनचा आतला तेलकट भाग साधारण ३० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) जाड असतो, आणि अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या पिळात, प्रत्येक अमिनो ॲसिडमागे १.५ अँगस्ट्रॉम उंची मिळते, म्हणजे आरपार जायला वीसेक अमिनो ॲसिड लागतात. म्हणून काइट आणि डूलिटल यांच्या १९८२ च्या तक्त्यात १९ ची विंडो, म्हणजे एका वेळी १९ अक्षरांचा तुकडा, घेतात. प्रत्येक अक्षराला ते पाणी किती टाळतं याचा एक आकडा असतो, आयसोल्युसिनला ४.५, व्हॅलिनला ४.२, ल्युसिनला ३.८, आणि दुसऱ्या टोकाला आर्जिनिन, उणे ४.५. एकोणीस आकड्यांची बेरीज करा, १९ ने भागा, उत्तर १.६ च्या वर गेलं तर तो तुकडा मेंब्रेनमधून आरपार जात असण्याची चांगली शक्यता.

केसीएसएमधला हा तुकडा घ्या: ए-टी-व्ही-एल-एल-व्ही-आय-व्ही-एल-एल-ए-जी-एस-वाय-एल-ए-व्ही-एल-ए. बेरीज येते ४८.१, सरासरी २.५३. झालं, पहिलं हेलिक्स सापडलं. शेवटाकडे असाच दुसरा तुकडा आहे, त्याची सरासरी २.३४. आता मधला तुकडा घ्या: ए-एल-डब्ल्यू-डब्ल्यू-एस-व्ही-ई-टी-ए-टी-टी-व्ही-जी-वाय-जी-डी-एल-वाय-पी. बेरीज फक्त २.९, सरासरी ०.१५! प्लॉटवर इथे सरळ खड्डा दिसतो आणि कुणीही म्हणेल हा बाहेरचा लूप आहे, पुढे चला.

आणि नेमका तोच तुकडा म्हणजे चॅनलचं काळीज आहे. त्यातली टी-व्ही-जी-वाय-जी ही पाच अक्षरं बघितली ना? ७५ ते ७९ नंबरची. हाच तो फिल्टर, जो पोटॅशियमला सोडतो आणि सोडियमला अडवतो. पोटॅशियम चॅनलमध्ये, मग ते बॅक्टेरियातलं असो की माणसातलं, हा तुकडा जवळपास तसाच्या तसा सापडतो (कधी वायच्या जागी एफ, असे बारीकसे फरक असतात). म्हणून माझी सवय अशी की प्लॉट बघून झाला की दोन उंच डोंगरांच्या मधला खड्डा आधी वाचायचा. डोंगर सांगतात की प्रोटीन मेंब्रेनमध्ये बसलंय, ते तिथे काय करतंय हे बऱ्याचदा खड्ड्यात लिहिलेलं असतं.

मग दिशा ठरवायची, कुठलं टोक पेशीच्या आत आणि कुठलं बाहेर. गुन्नार फॉन हाइने यांनी १९८६ मध्ये दाखवलेला नियम सोपा आहे, लायसिन आणि आर्जिनिन म्हणजे प्लस चार्जवाले जिथे जास्त, ती बाजू आतली. केसीएसएच्या दोन्ही टोकांना आर्जिनिनची गर्दी आहे, शेपटीकडे तर विचारूच नका, आणि मधल्या लूपमध्ये मोजून दोन. दोन्ही टोकं आत, लूप बाहेर, बरोबर जुळतं.

फसायच्या जागा पण सांगून ठेवतो. सुरुवातीच्या वीस-तीस अक्षरांतच डोंगर आला तर तो सिग्नल पेप्टाइड असू शकतो, म्हणजे प्रोटीन कुठे जायचं ते सांगणारा पत्ता, जो नंतर कापला जातो, त्याला हेलिक्स म्हणून मोजू नका. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या मेंब्रेनमधले ओएमपीएफसारखे बीटा बॅरल (हेलिक्सऐवजी सपाट पट्ट्यांचं पिंप बनवणारी प्रोटीन) ह्या पद्धतीने दिसतच नाहीत, कारण तिथे एक अमिनो ॲसिड तेलाकडे आणि पुढचं आत पाण्याकडे असं आलटून पालटून असतं, सरासरीत सगळं सपाट. आणि व्होल्टेजवर चालणाऱ्या चॅनलचं चौथं हेलिक्स, एस-फोर, त्यात दर तिसऱ्या जागी आर्जिनिन नाहीतर लायसिन असतं, त्यामुळे आकडा पडतो आणि प्रोग्रॅम कधीकधी सहाऐवजी पाचच हेलिक्स मोजतो. असा दर तिसऱ्या जागेचा पॅटर्न दिसला तर खूश व्हा, व्होल्टेज सेन्सर सापडला.

आता स्ट्रक्चर. प्रोटीन डेटा बँकमध्ये वन-के-फोर-सी नावाची फाइल आहे, २००१ ची, २ अँगस्ट्रॉमची, एकदम स्वच्छ. ब्राउझरमध्येच उघडते. पण थांबा, मी पहिल्यांदा उघडली तेव्हा समोर तीन साखळ्या दिसल्या, त्यातल्या दोन चांगल्या मोठ्या, आणि मी अख्खी संध्याकाळ त्या दोघींमध्ये चॅनलचं भोक शोधत बसलो!! त्या दोन म्हणजे अँटिबॉडीचा तुकडा निघाला, क्रिस्टल नीट बनावा म्हणून चिकटवलेला. चॅनल म्हणजे ती तिसरी, सी साखळी, आणि तीही एकटीच, कारण फाइलमध्ये चारातली एकच ठेवलेली असते. व्ह्यूअरमध्ये बायॉलॉजिकल असेंब्ली निवडा, मग चारही येतात, नंतर अँटिबॉडी लपवून टाका. हे चॅनलच काय, कुठल्याही मेंब्रेन प्रोटीनला लागू आहे, आधी असेंब्ली, मग बाकी गप्पा.

चारही आले की बाजूने बघा, मधोमध जांभळे गोळे एका रांगेत दिसतील, तेच पोटॅशियम. एखाद्या गोळ्यावर क्लिक करून आजूबाजूच्या ऑक्सिजनपर्यंतचं अंतर मोजा. २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल, आणि असे आठ ऑक्सिजन, चार वरून चार खालून. पाण्यात असताना पोटॅशियमभोवती पाण्याचे रेणू जसे गोळा होतात त्याचीच ही नक्कल आहे, म्हणून पाणी सोडून आत शिरताना त्याला फार काही गमवावं लागत नाही. सोडियम लहान (रेडियस ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३), त्याला हे आठ ऑक्सिजन तितके घट्ट पकडता येत नाहीत, पाणी सोडण्याची किंमत वसूल होत नाही, मग तो बाहेरच बरा. भोक लहान म्हणून सोडियम अडतो असं जे सांगितलं जातं ते उलटं आहे, लहान तर सोडियमच आहे की.

एक गोष्ट लक्षात ठेवा, चार गोळे दिसले म्हणजे एका वेळी चार आयन असतात असं नाही. ते लाखो चॅनलचं सरासरी चित्र आहे. एका वेळी दोन आणि मध्ये पाणी असं जुनं मत, पाणी असतं की नाही यावर अजून वाद चालू आहे. तसंच फिल्टरमध्ये आयन दिसले म्हणून चॅनल उघडं आहे असं लिहू नका. खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, चार हेलिक्स एकमेकांना जिथे जवळ येतात तिथे गेट आहे आणि ह्या फाइलमध्ये ते बंद आहे. केसीएसएचं गेट आतल्या बाजूला ॲसिड वाढलं की उघडतं. वेळ असेल तर वन-के-फोर-डी पण शेजारी उघडा, तेच प्रोटीन पण पोटॅशियम अगदी कमी ठेवून, फिल्टरचा मधला भाग मुरगळून गेलेला दिसेल. फिल्टरला उभं राहायलाही आयन लागतो म्हणा ना.

अल्फाफोल्डचं, म्हणजे सिक्वेन्सवरून कॉम्प्युटरने बांधलेलं, मॉडेल असेल तर हेलिक्स सहसा बरे येतात, पण त्यात मेंब्रेन नसतं, म्हणून ते ओपीएम डेटाबेसच्या पीपीएम सर्व्हरवर टाकून बघा, तिथे मेंब्रेनच्या दोन्ही कडा ठिपक्यांनी काढून दिलेल्या असतात. एखादं हेलिक्स निम्मं बाहेर लटकत असेल तर लगेच कळतं.

एवढं सगळं जुळलं तरी "चॅनल" हा शब्द जपून वापरा. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये पॅच क्लॅम्पने (मेंब्रेनच्या छोट्याशा तुकड्यावर काचेची बारीक नळी टेकवून) एकेका चॅनलचा करंट मोजून दाखवला, पिकोअँपिअरच्या पायऱ्या, आणि एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ६२ लाख आयन. अशी पायरी दिसली तर चॅनल. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या सीएलसी प्रोटीनचं स्ट्रक्चर २००२ मध्ये आलं तेव्हा सगळे त्याला क्लोराइड चॅनलच म्हणत होते, आयन बसायच्या जागा, सगळं कसं व्यवस्थित. २००४ मध्ये अलेसियो अकार्डी आणि क्रिस्टोफर मिलर यांनी मोजून दाखवलं की ते दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन उलट्या दिशेने पाठवतं, म्हणजे उघडी वाट असलेलं चॅनल नाहीच, मोजून अदलाबदल करणारा ट्रान्सपोर्टर. स्ट्रक्चरमधला एक अणूही चुकीचा नव्हता.