आधी भरती मोजा, मग पुस्तक उघडा

मुलाला विज्ञान शिकवायचं असेल तर त्याला मांडवीच्या काठी न्या. मी भौतिकशास्त्रात आयुष्य काढलं, तरी याहून चांगली प्रयोगशाळा मला ठाऊक नाही. पावसाळा मात्र टाळा.

जेटीचा एक खांब निवडा. पाणी सर्वांत वर कधी चढतं, ती वेळ वहीत लिहा. उद्या ते किती वाजता चढेल याचा अंदाजही आजच लिहून ठेवा, आणि पेनानेच. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडायचा मोह होतो. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. कारण लगेच सांगू नका. पौर्णिमेनंतर चंद्र रोज किती वाजता उगवतो तेही त्याला टिपू द्या, दोन्ही रकाने शेजारी ठेवू द्या. पृथ्वी एक गिरकी पूर्ण करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. हे त्याच्याच तोंडून आलं पाहिजे.

मग विचारा: दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी का नसते? इथे चंद्राचं विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला जाणं कामाचं. त्यासाठी महिनाभराची वही लागेल.