आत्मकथनावर फिल्म करताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता बरीच मुलं मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात आणि त्यांतल्या काहींना कुणाचं तरी आत्मकथन खुणावतं. गावातल्या आजोबांनी नर्मदा परिक्रमेत लिहिलेली वही, मुंबईची नोकरी सोडून घरी परतलेल्या बाईची पानं. विषय मोलाचा आहे. पण अशा फिल्म बहुतेक एकाच जागी अडकतात. शोध माणसाच्या मनात चाललेला असतो आणि कॅमेरा समुद्र दाखवत बसतो.

सूर्यास्त, ओल्या वाळूतली पावलं, वरून ड्रोन, मागे बासरी. एवढ्यावर नायकाला शांती लाभली असं प्रेक्षकाने का मानावं? ज्याच्या घरात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, मासेमारीची जाळी आहे, त्याला समुद्र म्हणजे भरती-ओहोटीची वेळ आणि पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी. त्याला बदल दाखवायचा तर माणसाच्या वागण्यातच दाखवावा लागेल.

हे कसं साधतं ते शिकायला लांब जायला नको. साने गुरुजींनी पालगडच्या आठवणी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या. 'श्यामची आई'त न्हाऊन आलेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर आपलं लुगडं पसरते, आणि मनही असंच जप म्हणते. संस्कारासारखी न दिसणारी गोष्ट तिथे ओल्या पायांत आणि कापडात आली आहे. १९५३ साली अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट केला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मूळ पुस्तकातच असे प्रसंग खच्चून भरलेले होते, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. तुमच्या हातातल्या वहीत असे प्रसंग शोधा. विचारांची पानं तूर्त बाजूला ठेवा.

निवेदनाचा मोह फार होतो, कारण लेखकाची वाक्यं सुंदर असतात. निवेदन बंद करून फिल्म पाहा. काहीच कळत नसेल, तर प्रसंग अजून लिहायचा राहिला आहे. 'वाइल्ड' (२०१४) हा चित्रपट अमेरिकन लेखिका शेरिल स्ट्रेड यांच्या १९९५ मधल्या एकटीच्या पायपिटीवर आहे. सुरुवातीलाच तिचा एक बूट डोंगरावरून खाली जातो आणि ती संतापून दुसराही त्याच्यामागे भिरकावते. ती किती एकटी आणि किती हट्टी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळं पुस्तक घेऊ नका. 'ईट प्रे लव्ह' (२०१०) हा आत्मकथनावरचाच चित्रपट सव्वादोन तासांत इटली, भारत आणि बाली करतो. देश भराभर बदलतात, माणूस तेवढा बदललेला जाणवत नाही. आश्रमाच्या भागात तर हे फारच खटकतं. वीस मिनिटांच्या फिल्मला परिक्रमेतला एक मुक्काम पुरे.

वाटेत भेटणारी माणसं हीही नाजूक बाब आहे. मासे विकणारी मावशी एक शहाणं वाक्य बोलते आणि नाहीशी होते, असं करू नका. तिला पाटी रिकामी करून एसटी गाठायची आहे. त्या घाईत ती जे बोलेल ते खरं वाटेल.

शेवटी घंटानाद आणि डोळ्यांत पाणीही नको. लेखकाने शंका उरली असं लिहिलं असेल, तर ती शंका कापू नका.

आवाजाचं आधीच ठरवा. या फिल्ममधलं बोलणं हळू असतं आणि समुद्राची गाज ते गिळून टाकते. संवाद पडवीत किंवा माजघरात घ्या, माइकला वारा अडवणारं केसाळ कव्हर लावा, गाज वेगळी रेकॉर्ड करून नंतर संवादाखाली हळू आवाजात ठेवा.

आणि हक्क. भारतात लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. नंतरच्या अनुवादांचे हक्क मात्र वेगळे असतात. लेखक हयात असेल तर त्याची, नसेल आणि मुदत संपली नसेल तर वारसांची लेखी परवानगी घ्या. वहीत ज्यांची नावं आहेत ते भाऊबंद अजून त्याच वाडीत राहत असतील, तर शूटिंगआधी त्यांच्याकडे स्वतः जा, त्यांच्याबद्दलचा भाग वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलं तर नावं बदला.