एकट्यानं ब्रेकची हवा काढायची असेल तर

ब्रेकचं पेडल स्पंजासारखं आत जातंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावरच कडक होतंय? बहुधा लाइनीत हवा शिरलीय. तशी गाडी घेऊन पन्हाळ्याचा घाट उतरू नका. पेडल मारायला दुसरा गडी नसला तरी काम होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ब्लीडर निपलवर (चाकाच्या ब्रेकवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी आणा.

१. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल लाइनीत ढकलणारा पंप) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडं बहुधा मागचं डावं. मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळा.

२. निपलवर आधी रिंग पाना, मग नळी. खरी मेख इथं आहे: नळी आधी वर चढवून मग बाटलीत सोडा, टोक ताज्या ब्रेक ऑइलात बुडालेलं ठेवा. बुडबुडे वरच्या वळणाकडं जातात, माघारी फिरत नाहीत.

३. निपल पाव फेरा सैल करा. पेडल सावकाश दाबा, त्याहून सावकाश सोडा. बुडबुडे थांबले की आवळा.

बॉनेटखालची ऑइलची टाकी मिनिमम खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. बाटलीत निघालेलं ऑइल मात्र परत ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.